वॉटर पार्कची सहल आणि घरी राहिलेली आजी



२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील चार घरांनी मिळून एक क्रूझर ठरवली. लहान-मोठी सतरा माणसे. पहाटे चारला साक्री सोडायची, नाशिककडच्या एका वॉटर पार्कला दिवसभर पोरांना खेळवायचे आणि रात्री उशिरा परत यायचे, असा बेत. भाडे वाटून घेतले, तिकिटाचे पैसे बचत गटातून उचलले. बेत पक्का झाल्यावर त्यांतल्या एका घरची सून संध्याकाळी माझ्याकडे आली. मी बरीच वर्षे आरोग्यसेविका होते, म्हणून वस्तीत मला अजून नर्सबाईच म्हणतात. ती म्हणाली, "नर्सबाई, आता तर सरकारनेच सगळं उघडलं. आणि पाण्यात क्लोरीन असतं ना? मग पाण्यातून कोरोना होत नाही ना?"

पाण्यातून होत नाही, हे मी तिला लगेच सांगितले. पण ती पाण्याचे विचारत होती आणि मला काळजी होती गाडीची. त्याहून जास्त काळजी होती ती गाडीत न बसणाऱ्या तिच्या आजेसासूची.

सरकारने सगळे उघडले हे खरे आहे. २०२२ मध्ये १० जानेवारीला तिसऱ्या लाटेत करमणुकीची पार्के, प्राणिसंग्रहालये, किल्ले सगळे बंद झाले होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती निम्म्या क्षमतेने उघडली. २ एप्रिलला, गुढीपाडव्यापासून, राज्यातले कोरोनाचे सर्व निर्बंध उठले आणि मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. दोन वर्षे घरात साजरी केलेली भीमजयंती त्या वर्षी आपण रस्त्यावर, ढोल-ताशात साजरी केली. खोपोलीजवळच्या इमॅजिकापासून तालुक्याच्या गावातल्या छोट्या वॉटर पार्कपर्यंत सगळीकडे गर्दी होती. पण निर्बंध उठले याचा अर्थ एवढाच, की आतापर्यंत जो निर्णय कलेक्टर कचेरीत होत होता तो आता आपल्या ओट्यावर होणार. कोणी जायचे, कशाने जायचे, परत आल्यावर कोणी कुठे झोपायचे, हे सांगणारा आदेश आता निघणार नाही.

मी या विषयावर शहाणपण सांगते आहे, म्हणून आधी माझ्याच घरचे सांगते. जानेवारी २०२२ मध्ये संक्रांतीच्या आधी आम्ही सहा जण सुरतेला एका साखरपुड्याला गेलो होतो. एस.टी.चा संप चालू होता, म्हणून खासगी गाडी केली. थंडी होती, काचा बंद. पोरे गाणी म्हणत होती, मीही म्हणत होते. मास्क सगळ्यांकडे होते, खिशात. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाला घसा धरला, चौथ्या दिवशी दोघी नातींना ताप. पोरींचा ताप दोन दिवसांत उतरला आणि त्या अंगणात खेळायला लागल्या. सातव्या दिवशी सासूबाईंना धाप लागली. त्या सुरतेला आल्याच नव्हत्या. "तुम्ही जाई या, मी घर ऱ्हास," म्हणून त्या शेळ्यांजवळ थांबल्या होत्या. त्यांना मधुमेह आहे. लसीचा पहिला डोस घेतल्यावर दोन दिवस अंग दुखले, म्हणून दुसऱ्याला त्या नाही म्हणाल्या आणि मी, नर्सबाई असून, जोर केला नाही. आठ दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या. घरी आल्या, पण आज विहाराच्या सहा पायऱ्या चढताना मध्ये दोनदा थांबतात.

म्हणून त्या सुनेला मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "जाणाऱ्यांची यादी राहू दे. तुम्ही परत याल तेव्हा घरात कोण असेल, ते सांग." तिने बोटे मोजली. आजेसासू, वय सत्तरच्या पुढे, बी.पी.ची गोळी चालू. आणि शेजारच्या घरात एक गरोदर वहिनी, सातवा महिना.

आपल्या वस्तीत हा हिशेब बंगल्यातल्या माणसापेक्षा वेगळा पडतो. बंगल्यात आजारी माणसाला वेगळी खोली आणि वेगळा संडास मिळतो. आपल्याकडे दहा बाय बाराच्या एका खोलीत सहा जण झोपतात, नळ चार घरांचा एक. घरात विषाणू आल्यावर "अंतर ठेवा" हे सांगणे सोपे, करणे अशक्य. तो आत येण्याआधी जे करता येते तेवढेच आपल्या हातात असते.

हा आजार पसरतो मुख्यतः हवेतून. माणूस बोलतो, हसतो, ओरडतो, खोकतो तेव्हा तोंडा-नाकातून बारीक थेंब निघतात. मोठे थेंब खाली पडतात. अगदी बारीक मात्र बंद जागेत विडीच्या धुरासारखे तरंगत राहतात. धुराचेच उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. मैदानात कोणी विडी ओढली तर चार पावलांवर वास येत नाही. काचा लावलेल्या क्रूझरमध्ये एकाने ओढली तर सतराही जणांच्या कपड्यांना वास लागतो. शिवाय लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला ती देऊ शकतो. "आमच्यात कोणालाच सर्दी नाही" हे वाक्य खरे असले तरी पुरेसे नाही.

आता या नजरेने सहलीचा दिवस पाहा. क्रूझरमध्ये जायचे-यायचे आठ तास. पार्कात उघड्यावर, पाण्यात, घसरगुंडीवर पाच-सहा तास. सगळे घाबरतात ते पार्काला. मला विचाराल तर पार्कातला उघड्यावरचा वेळ हा त्या दिवसातला सगळ्यात कमी धोक्याचा वेळ असतो. गाडीतले आठ तास जड आहेत. सतराऐवजी बारा माणसे, काचा चार बोटे तरी उघड्या, एसी असला तरी बाहेरची हवा आत घेणारा, आणि प्रवासात मास्क : यातले काहीही खर्चिक नाही. पाच माणसे कमी झाली तर भाडे प्रत्येकी थोडे वाढते, तेवढेच. संप मिटून एस.टी. कर्मचारी एप्रिल २०२२ अखेर कामावर आले. लाल गाडीच्या खिडक्या नीट लागत नाहीत अशी तक्रार आपण जन्मभर केली, पण या आजारात तीच खिडकी कामाची.

पार्कात गेल्यावर तीन जागा सांभाळायच्या. तिकिटाची आणि घसरगुंडीच्या जिन्याची रांग, कपडे बदलायची खोली आणि जेवणाचा हॉल. रांगेत मास्क लावा. कपडे बदलायला सगळ्या बायका एकदम आत घुसू नका, पाच मिनिटे थांबले तर बिघडत नाही. जेवण हॉलमध्ये न करता झाडाखाली चादर टाकून करा. घरून भाकरी-ठेचा आणि कळण्याची पुडी नेली तर बरेच. काही ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तिथे गेटबाहेर गाडीजवळ जेवून घ्या. अंधाऱ्या हॉलमधले खेळ, बंद डोममधले सिनेमे यंदा सोडून दिले तरी पोरांचे काही अडत नाही. त्यांना पाणीच हवे असते. आणि मास्क पाण्यात घालायचा नाही. ओला मास्क नाकाला चिकटतो, श्वास अडतो, उपयोगही राहत नाही. प्रत्येकाचे दोन कोरडे मास्क प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा.

शक्य असेल तर रविवार टाळा. मजुरीचा खाडा रविवारी काय, बुधवारी काय, रोजावर असणाऱ्याला सारखाच. गर्दीत मात्र मोठा फरक पडतो.

पाण्याचे आता सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल वस्तीत उलट-सुलट समज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे की पोहताना पाण्यातून कोरोना पसरत नाही. पसरतो तो शेजारी पोहणाऱ्या माणसाच्या श्वासातून. नीट क्लोरीन टाकलेल्या पाण्यात हा विषाणू टिकत नाही. पण त्याच पाण्यातून दुसरे आजार येऊ शकतात : जुलाब, डोळे येणे, कान फुटणे, अंगावर पुरळ. आपण म्हणतो, क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ. हे चूक आहे. तो डोळे झोंबवणारा वास क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळल्यावर येतो. वास जितका उग्र, तितके पाणी अस्वच्छ. तळाची फरशी स्वच्छ दिसत नसेल तर मुलाला उतरवू नका, तिकिटाचे पैसे गेले तरी. आपणही एक करायचे : पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ, आणि लहानग्यांना तासाभराने लघवीला बाहेर नेणे. जुलाब होत असलेले मूल पाण्यात सोडू नका, त्याच्यामुळे पन्नास पोरांना होतील.

एक गोष्ट आरोग्याच्या पानांवर फारशी येत नाही, म्हणून इथे मुद्दाम थांबते. सिकलसेल. हा रक्ताचा आजार आदिवासी बांधवांमध्ये आहे, तसाच आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. विदर्भात तर घरोघरी माहीत आहे. खानदेशात मात्र सांधे दुखतात, अंग पिवळे पडते म्हणून पोराला झाडपाला देत राहतात आणि तपासणी होत नाही. ज्याला हा आजार आहे त्याच्या लाल रक्तपेशी पाणी कमी पडल्यावर किंवा अंगाला एकदम गारठा लागल्यावर विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाता-पायांत, पाठीत, छातीत अशी कळ येते की मूल लोळते. मे महिन्याच्या उन्हात तापलेले अंग, पोटात पाणी नाही, आणि धाडकन गार पाण्यात उडी : सिकलसेलच्या मुलासाठी याहून वाईट जुळणी नाही. वरून कोरोना झाला तर अशा रुग्णाच्या फुप्फुसाला जास्त त्रास होऊ शकतो. याचा अर्थ त्याला घरी कोंडायचे असा नाही. दर अर्ध्या तासाने पाणी पाजा, पाय भिजवत-भिजवत हळू पाण्यात न्या, थोड्या वेळात बाहेर काढून अंग पुसा, दमू देऊ नका. कळ आली तर "थोडं थांब, संध्याकाळी पाहू" करू नका, सरळ दवाखाना गाठा. जे फक्त वाहक आहेत त्यांना सहसा काही त्रास नसतो, पण त्यांनीही उन्हात पाणी भरपूर प्यावे. मूल वारंवार हाडे दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सहलीआधी सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्या. पहिली साधी चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते.

उन्हाचे तर सांगायलाच नको. २०२२ चा मार्च देशात १२२ वर्षांतला सगळ्यात तापलेला मार्च होता, असे हवामान खात्याने सांगितले. लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे घरचे पाणी दोन-तीन बाटल्या गाडीत हवेच. ताप आला की सगळे कोरोना म्हणतात, पण अंग भट्टीसारखे तापले, माणूस बरळू लागला तर तो उष्माघातही असू शकतो. आधी सावली, ओले फडके, वारा, आणि लगेच दवाखाना.

पार्कातून आजार किती दूर जातो याची एक जुनी गोष्ट आहे, कोरोनाच्याही आधीची. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये सुट्टीत आलेल्या लोकांत गोवर पसरला. पुढच्या दोन महिन्यांत शंभराच्या वर माणसांना झाला, दुसऱ्या राज्यांत आणि शेजारच्या देशांतही गेला. ज्यांना झाला त्यांतल्या बऱ्याच जणांनी लस घेतलेली नव्हती. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या जागेच्या हवेत राहू शकतो. ही गोष्ट सांगायचे कारण असे की लॉकडाऊनच्या दोन वर्षांत आपल्या वस्तीतली कित्येक बाळे लसीच्या दिवसाला नेलीच नाहीत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. कार्ड काढून बघा. तारीख चुकली असेल तरी लस मिळते, अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना विचारा.

दुसरी गोष्ट शांघायची. तिथल्या डिस्नेलँडमध्ये आदल्या दिवशी येऊन गेलेली एक बाई कोरोनाबाधित निघाली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी पार्काची दारे बंद केली. आत सुमारे ३४ हजार माणसे होती. वर आतषबाजी चालू, खाली लोक नाकात काडी घालून घ्यायला रांगेत. सगळ्यांची तपासणी झाल्यावरच बाहेर सोडले. सगळे निगेटिव्ह निघाले. २०२२ मध्ये २१ मार्चपासून ते पार्क पुन्हा बंद होते. माणसांना असे रात्री अडवून ठेवणे मला पटत नाही. पण एक खरे, तिथे निदान दारात कोणीतरी तपासत होते. आपल्या क्रूझरच्या दारात कोणी नसते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री आपणच विचारायचे : कोणाचा घसा खवखवतो का, अंग कसकसते का, जुलाब आहेत का. ज्याला आहे त्याने उतरायचे. पोराला ताप असेल तर त्याच्या आईनेही घरी थांबायचे आणि त्या दोघांचे पैसे बाकीच्यांनी परत द्यायचे, हे आधीच बोलून ठेवा. पैसे बुडतात म्हणूनच माणसे तापाची गोळी खाऊन गाडीत बसतात. मी हे स्वतः पाहिले आहे.

२०२२ च्या त्या उन्हाळ्यात लसीचा हिशेब असा होता. साठीच्या वरच्या माणसांना दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झाले असतील तर तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस, सरकारी केंद्रावर मोफत होता. तो सहलीआधी दोन आठवडे झालेला बरा, म्हणजे घरी राहणाऱ्या आजीला त्याचे बळ मिळालेले असते. गरोदर बाईलाही लस घेता येते, डॉक्टरांना विचारून घ्या. पंधरा ते अठराच्या मुलांना ३ जानेवारीपासून, बारा ते चौदाच्या मुलांना १६ मार्चपासून लस सुरू झाली होती. दोन डोसांत २८ दिवसांचे अंतर आणि दुसऱ्यानंतर दोन आठवडे, म्हणजे पहिल्या डोसापासून पूर्ण बळ यायला ४२ दिवस. सहलीच्या मुहूर्तासाठी नाही, तर जूनमध्ये शाळा उघडणार होत्या त्यासाठी न्यायचे होते. बाराच्या आतल्यांना तेव्हा लस नव्हती, त्यांच्याभोवतीच्या मोठ्यांची लस हीच त्यांची.

परत आल्यावरचे पाच दिवस मी जानेवारीत विसरले होते. सहलीहून आलेल्यांनी तेवढे दिवस म्हाताऱ्या माणसांजवळ तोंडाला तोंड लावून बसू नये, त्यांच्या ताटात जेवू नये, बोलताना मास्क लावावा. नातवंडे आजीच्या कुशीत झोपतात, ती पाच रात्री आईजवळ झोपतील. एका खोलीत हे कसे जमवायचे? मे महिन्यात खानदेशात घरात झोपते कोण! आजीची बाज अंगणात काढा आणि बाकीच्यांनी धाब्यावर पथारी टाका. मोकळ्या हवेइतकी चांगली वेगळी खोली नाही, आणि ती उन्हाळ्यात गरिबाला फुकट मिळते. कोणाला ताप-खोकला आलाच तर ग्रामीण रुग्णालयात तपासणी करा. पॉझिटिव्ह आला तर सात दिवस वेगळे राहा, त्यांतले शेवटचे तीन दिवस ताप नसावा. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र वस्तीत एक असले तरी पुरते, विहारात ठेवा. आकडा ९३ किंवा त्याखाली दिसला, किंवा बोलता-बोलता धाप लागली, तर रात्र काढू नका.

"मग नर्सबाई, जाऊच नये का?" असे त्या सुनेने शेवटी विचारले. जावे. आपण ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीला न जाता घरी टीव्हीसमोर हात जोडणारी माणसे आहोत, थांबायचे कधी हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण दोन वर्षे एका खोलीत, आईच्या मोबाइलवर शाळा शिकलेल्या पोरांचेही काही देणे आहे. मे महिन्यात धरणात, विहिरीत पोहायला गेलेली पोरे बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्यापेक्षा कमरेएवढ्या पाण्याचे, पहारेकरी असलेले वॉटर पार्क मला बरे वाटते.

ज्यांच्या घरी फारच आजारी माणूस आहे, किंवा ज्यांना तिकीट झेपत नाही, त्यांनी पावसाळ्याची वाट पाहावी आणि धुळ्याजवळ लळिंगला जावे. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथल्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दर वर्षी ३१ जुलैला तिथे आपली माणसे जमतात. यात्रेच्या दिवशी गर्दी असते, पण दुसऱ्या कोणत्याही दिवशी हिरवे कुरण, डोंगर आणि मोकळी हवा. तिकीट नाही, रांग नाही, आणि आजीलाही नेता येते.

त्या चार घरांची क्रूझर शेवटी २५ मे २०२२ च्या बुधवारी ठरली. सतराची बारा माणसे झाली. बाकीची पाच एस.टी.ने जाणार होती, त्यावरून थोडी भांडणे झाली. आजेसासूचा डोस त्याआधीच्या एका गुरुवारी झाला. मी स्वतः तिला घेऊन गेले होते, येताना माझ्या सासूबाईंनाही दुसरा डोस देऊन आणला. दंड दुखतो म्हणून दोघी जणी दोन दिवस एकमेकींच्या बाजेवर बसून मला शिव्या देत होत्या.